ताईच्या नव्या घरासाठी वॉशिंग मशीन आणि फ्रीज: दुकानात जायच्या आधी टाकी मोजली

ताई आणि भावजींनी बेळगावात वडगावच्या पुढं येळ्ळूर रोडला घर बांधलं, २०२५ च्या दिवाळीच्या आधी प्लॅस्टर चालू होतं आणि तुळशीचं लग्न झालं की वास्तुशांती करायची असं ठरलेलं. घरात माणसं पाच. ताई शाळेत शिकवते, सकाळी साडेआठला बाहेर. भावजी उद्यमबागेत फाउंड्रीत, त्यांचे कपडे म्हणजे काळे आणि तेलकट. भावजींच्या आई, त्यांना मी मावशी म्हणतो, त्यांचं येळ्ळूरला भाताचं रान आहे आणि पासष्टीला आल्या तरी रानात जायचं सोडत नाहीत. आणि दोन पोरं, एक सातवीला एक चौथीला. बजेट दोन्ही वस्तू मिळून ६० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही हे भावजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण बांधकामाचं कर्ज चालू झालं होतं.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे ह्याच कामात मी आधी एकदा फसलोय. २०२१ मध्ये माझ्या घरी फ्रंट लोड वॉशिंग मशीन (समोरच्या दारातनं कपडे टाकायची) घेतली, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, टाकी बरोबर डोक्यावरच्या गच्चीवर. मशीन आली, बसवली, सुरू केली आणि पाच मिनिटात पाणी येत नाही म्हणून एरर दाखवून बंद. नळाला तर पाणी होतं. मग कळलं की पाणी आहे पण प्रेशर नाही. दुकानदारानं घेताना एक शब्द विचारला नव्हता, नंतर म्हणाला पंप बसवून घ्या. बसवला, अजून आहे, दर वेळी धुताना घुंsss करून आवाज येतो आणि आमची लेक झोपेतनं उठते. त्यामुळं ताईचा फोन आला की "रविवारी खडे बाजारला जाऊया, ऑफर चालू आहेत," तेव्हा मी म्हणालो ताई, दुकान पळून जात नाही, आधी तुझ्या घराला येतो, टेप घेऊन.

टाकीचं आधी सांगतो कारण सगळं प्रकरण तिथंच फिरलं.

टाकी गच्चीवर तीन फुटाच्या कट्ट्यावर बसवायची असं मेस्त्रींनी धरलं होतं. मी खालपासून मोजलं. फरशीपासून गच्चीचा स्लॅब साडेदहा फूट, त्यावर कट्टा तीन फूट, म्हणजे टाकीचं बूड साडेतेरा फुटावर. मशीनचा नळ फरशीपासून तीन फुटावर येणार. राहिले साडेदहा फूट, म्हणजे साधारण ३.२ मीटर. आता हिशोब सोपा आहे, पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार प्रेशर. तर ताईकडं मिळणार ०.३२ बार, तेही टाकी रिकामी होत आल्यावर आणि पाइपातलं नुकसान न धरता. बऱ्याच फ्रंट लोडच्या पुस्तिकेत कमीत कमी ०.५ बार लिहिलेलं असतं. कमी प्रेशरवर चालणारी मॉडेलं पण मिळतात, पण ते पुस्तिकेत बघायचं, सेल्समनच्या तोंडावर नाही सोडायचं.

नशीब एवढं की जिन्यावरच्या टोपीचा स्लॅब अजून घालायचा होता. मी मेस्त्रींना म्हणालो टाकी टोपीवर घेऊया की. ते म्हणाले, "घेऊया की ओ, पण हजार लिटर म्हणजे एक टन वजन येतंय, इंजिनियरना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही." बरोबर बोलले, आणि मला बरं वाटलं असा माणूस भेटला म्हणून. इंजिनियरनी सळई वाढवून दिली, स्लॅबची जाडी थोडी वाढली. टोपी गच्चीपासून आठ फूट, त्यावर दीड फुटाचा कट्टा, म्हणजे टाकीचं बूड वीस फुटावर आणि नळाच्या वर सतरा फूट, ५.२ मीटर, अर्ध्या बारच्या किंचित वर. खाली येणारा पाइप एक इंची घेतला म्हणजे वाटेत प्रेशर मरणार नाही. सगळं मिळून सात-आठ हजार वाढले, पण ते बांधकामाच्या खात्यात गेले आणि बाथरूमचा शॉवर पण त्यामुळं नीट चालतो, म्हणून भावजी काही बोलले नाहीत. घर पुरं झाल्यावर हे करायला गेलो असतो तर कुणी केलं नसतं, पंपच बसला असता.

नंतर पाणी सुरू झाल्यावर दहा लिटरची बादली लावून बघितली, एक मिनिट आणि वर काही सेकंद लागले. माझ्या घरी पंप बंद ठेवून तीच बादली भरायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात.

आता मशीन कुठली. घरात तीन मतं होती आणि तिन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मावशींना सेमी ऑटोमॅटिकच पाहिजे होती, म्हणजे एका टबात धुऊन कपडे हातानं दुसऱ्या, पिळायच्या टबात टाकायचे ती. जुन्या घरात नऊ वर्षं झाली तीच वापरतात. त्यांचं म्हणणं, "पाणी दिसलं पाहिजे रे बाळा, न्हाई तर कपडा धुतला कशावरनं?" आणि त्यात फक्त सवय नाही, हिशोब पण आहे. चिखलाचे कपडे तासभर भिजवून ठेवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मग दुसरं पाणी, आणि पोरांच्या कपड्यांचं साबणाचं पाणी परत रानातल्या कपड्यांना वापरायचं. लाइट गेली तर बादलीनं पाणी घालून राहिलेलं काम करता येतं. नळाला पाणी नसलं तरी चालतं. अकरा ते तेरा हजारात नवी येते. हे सगळं खरं आहे.

भावजींना टॉप लोड (वरनं कपडे टाकायची) फुल ऑटोमॅटिक, कारण कंपनीतल्या दोघातिघांनी तीच घेतली होती आणि वाकावं लागत नाही.

ताईला फ्रंट लोड. तिचं कारण वेळ. सकाळी डबे, पोरांची आंघोळ, मग शाळा, ती मशीनजवळ उभी राहून कपडे एका टबातनं दुसऱ्या टबात टाकायला कुठनं राहणार. आणि तिचं दुसरं कारण मला जास्त पटलं, ते म्हणजे आमचा पाऊस. बेळगावचा जुलै ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, आठ-आठ दिवस ऊन नाही, बारीक झड लागलेली, खानापूरकडं तर त्याहून जास्त. पडवीत, जिन्यात, हॉलमध्ये पंख्याखाली दोऱ्या बांधायच्या आणि तरी कपड्यांना तो कुबट वास. पोरांचे युनिफॉर्म दोन-दोन जोड, आज भिजला तो उद्या रात्रीपर्यंत वाळलाच पाहिजे. ताई म्हणाली जून ते सप्टेंबर मी रोज रात्री इस्त्री फिरवून पँटचे खिसे वाळवते, खिसा आणि कमरेची पट्टी काय वाळत नाही. तेव्हा मशीन किती जोरात पिळते हा प्रश्न आमच्याकडं धुण्याइतकाच मोठा आहे. फुल ऑटोमॅटिक टॉप लोड साधारण ७०० आर.पी.एम.च्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरते, फ्रंट लोड १००० ते १२००, काही १४०० पण. सेमीचा ड्रायर पण जोरात फिरतो, तिथं मावशींचा मुद्दा परत बरोबर, पण त्यात कपडे आपल्या हातानं टाकायचे.

मग पाणी. आमच्या शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, पण ताईच्या भागात ते दोन-चार दिवसाआड, मधल्या दिवसात बोअर. फ्रंट लोडला एका धुण्याला साधारण ५० ते ६० लिटर लागतं, टॉप लोड फुल ऑटोमॅटिकला शंभरच्या वर, सव्वाशे-दीडशेपर्यंत पण जातं. रोज एक धुणं धरलं तर महिन्याला १७००-१८०० लिटर आणि साडेतीन-चार हजार लिटर असा फरक आला, म्हणजे त्यांच्या टाकीच्या दोन टाक्या. भावजी ह्या आकड्यावर गप्प झाले, त्यांनाच पहाटे उठून मोटर चालू करायला लागते.

बोअरचं पाणी किती जड आहे ते बघायला मी एक साधा प्रकार केला. पाण्याच्या दोन एकसारख्या बाटल्या घेतल्या, एकीत नळाचं पाणी, एकीत बोअरचं, दोन्ही अर्ध्या. त्यात अंगाच्या साबणाचा चाकूनं काढलेला एकेक तुकडा टाकला, सारखाच, हरभऱ्याच्या डाळीएवढा, आणि विरघळल्यावर झाकण लावून वीस वेळा हलवल्या. साबणच घ्यायचा, कपड्याची पावडर घ्यायची नाही, पावडरीत फरक नीट दिसत नाही. पायरीवर शेजारी शेजारी ठेवल्या. नळाच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला आणि तसाच राहिला. बोअरच्या बाटलीत फेस आला आणि बघता बघता बसला, वर ताकातल्या कण्यांसारखे पांढरे कण तरंगायला लागले. धाकटा बाजूला बसून बघत होता, म्हणाला मामा ह्याचं दही झालं. तेच जडपणाचं लक्षण, पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं. हेच कॅल्शियम मशीनच्या हीटरवर खडूसारखं बसतं, आणि पाणी जेवढं गरम करू तेवढं जास्त बसतं. म्हणून ठरवलं की शक्यतो नळाचं पाणी आलेल्या दिवशीच गरम पाण्याचं धुणं, तेही ४० डिग्रीवर, बाकी दिवस थंड, आणि दीड-दोन महिन्यातनं एकदा क्षार काढायची पावडर टाकून मशीन रिकामी फिरवायची. टाकीत दोन्ही पाणी मिसळतं तेव्हा हे काटेकोर होत नाही, पण जेवढं होईल तेवढं.

शेवटी काय झालं ते सांगतो. मला सगळ्यात समाधान ह्याच निर्णयाचं आहे आणि तो माझा नाही, मावशींचा. त्या म्हणाल्या, जुनी मशीन विकून किती येणार? दुकानदार बदल्यात हजार-बाराशे देतो म्हणत होता. "मग ती मागं परसात ठेवा, मी माझे आणि ह्याचे कंपनीचे कपडे तिथं धुते, तुम्ही आत पाहिजे ती घ्या." झालं. चिखल आणि काळं तेल जुन्या सेमीत, घरचे कपडे, युनिफॉर्म, चादरी नव्या फ्रंट लोडमध्ये. फाउंड्रीच्या कपड्यातली बारीक वाळू आणि काजळी नव्या मशीनच्या दाराच्या रबरात जाऊन बसली असती, ते पण टळलं.

किलोचा वाद पण त्यामुळं मिटला. सेल्समन ८ किलोच्या खाली बोलायला तयार नव्हता, पाच माणसं म्हणजे आठच पाहिजे म्हणे. आम्ही घरी मावशींच्या हुकाच्या काट्याला गाठोडं बांधून एका दिवसाचे कोरडे कपडे तोलले, रानाचे आणि कंपनीचे वगळून. साडेतीन किलो. मशीनवर लिहिलेला किलो हा कोरड्या कपड्यांचाच असतो. ७ किलोची भरपूर झाली, आणि सातात आणि आठात पाच-साडेपाच हजाराचा फरक होता.

फ्रीजचं काम त्यामानानं सोपं होतं पण तिथं मी स्वतः एक चूक करत होतो ती सांगतो.

आधी जागा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फ्रीजची जागा सोडलेली, सव्वीस इंच. ताईला तीनशे लिटरच्या वरचा पाहिजे होता आणि दुकानातल्या मोठ्या हॉलमध्ये तो काही मोठा वाटत नाही. आम्ही खडूनं फरशीवर फ्रीजचा चौकोन काढला, मागं आणि बाजूला हवेची जागा सोडून, आणि मग दार उघडल्यावर किती येतं तो गोल पण काढला. दार पूर्ण उघडलं तर थेट चौकटीला लागत होतं. आणि पूर्ण उघडलं नाही तर आतला भाजीचा ट्रे बाहेर येत नाही, हे लोक घेतल्यावर बघतात. अडीचशेच्या आसपासचा घेतला तर दार मोकळं उघडतं. मग आत येणारं दार मोजलं, चौकट तीस इंची पण कवाड उघडून राहिलं की मोकळी जागा अठ्ठावीस, फ्रीज पॅकिंग काढूनच आत जाणार.

मग आत काय ठेवणार ते ताईला लिहायला लावलं. दूध दोन लिटर, ताक, दोन दिवसाच्या भाज्या, कोथिंबीर-मेथीच्या पेंड्या, डोश्याचं पीठ (आमच्याकडं हे आठवड्यात तीनदा असतंच, आणि पातेलं मोठं, त्यामुळं मधल्या फळीची उंची त्या पातेल्यानं मोजली, खरंच पातेलं घेऊन दुकानात गेलो), मळलेली कणीक, रविवारची मासळी. सणाला कुंदा. एवढ्याला अडीचशे लिटर पुरतं. फक्त लेबलवर ढोबळ क्षमता आणि प्रत्यक्ष साठवणुकीची क्षमता वेगळी असते, जाहिरातीत मोठा आकडा असतो, बघायचा तो दुसरा.

सिंगल डोअर डायरेक्ट कूल स्वस्त पडतो आणि वीज कमी खातो, दोन माणसांच्या घराला मी तोच सांगेन. पण त्यात बर्फ साठतो, बटन दाबून वितळवायला लागतो, आणि पावसाळ्यात हवेत ओल जास्त असल्यामुळं आमच्याकडं बर्फ लवकर साठतो. पाच माणसांच्या घरात दार दिवसातनं कितीदा उघडतं ते सांगायला नको. म्हणून फ्रॉस्ट फ्री (बर्फ साठू न देणारा) डबल डोअर, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगानं चालणारा.

आता चूक. मी आल्या आल्या म्हणालो स्टार जास्त असलेलाच घ्यायचा. मग लेबलं जवळ जाऊन वाचली. एका दोन स्टारवाल्यावर वर्षाला २१० च्या आसपास युनिट लिहिलेले, त्याच मापाच्या तीन स्टारवाल्यावर १६० च्या आसपास. फरक ५० युनिट, सहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला ३०० रुपये. आणि किमतीतला फरक २६०० सांगत होते. म्हणजे पैसे वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं. माझा आग्रह तिथं सुटला. शिवाय स्टारबरोबर लेबलवरचं वर्ष पण बघायला लागतं, २०२३ च्या जानेवारीपासून फ्रीजचे निकष कडक झाले, त्यामुळं आधीच्या मालावरचे तीन स्टार आणि नंतरचे तीन स्टार एक नव्हेत. गोदामात पडलेला जुना माल सणाला बाहेर येतो, म्हणून सांगतोय.

पण इथं कर्नाटकातली एक गोष्ट मध्ये येते, गृहज्योती. २०२३ पासून घरगुती वीज २०० युनिटपर्यंत फुकट असं सगळे म्हणतात, पण ती सरसकट २०० नाही, आपल्या २०२२-२३ सालच्या सरासरीवर थोडं वाढवून जेवढे युनिट होतील तेवढे फुकट, त्याच्यावरच्याचे पैसे, आणि २०० ओलांडले की सगळंच बिल भरायचं. नव्या मीटरला मागची सरासरी नसते, म्हणून तिथं ५३ युनिट सरासरी धरतात आणि त्यावर थोडी वाढ. हे ताईला माहीत नव्हतं, ती दोनशेच्या हिशोबात होती. दोन स्टारचा फ्रीज महिन्याला साडेसतरा युनिट खाणार, तीन स्टारचा तेरा-साडेतेरा. म्हणजे नव्या घरात सुरुवातीच्या काळात तुमच्या फुकट युनिटांचा चौथा-तिसरा हिस्सा एकटा फ्रीज घेणार. हे कळल्यावर भावजी म्हणाले तीन स्टारचाच बघूया, आणि दोन्ही वस्तू एकदम घेतो म्हणून घासाघीस केल्यावर फरक १२०० वर आला. बाराशेला चार वर्षं, हे पटण्यासारखं होतं, घेतला.

खरेदीचं थोडक्यात. भावजींचे निपाणीचे पाहुणे सांगत होते कोल्हापुरात घ्या, तिकडं स्वस्त. जीएसटी २०१७ ला आला तेव्हापासून दोन राज्यातला कराचा फरक संपला, पूर्वीचं ते गणित आता नाही. आणि कोल्हापूरहून आणलं तर घरपोच आणि बसवून देणं ह्यात घोळ होतो. दुसरं म्हणजे सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला त्यामुळं फ्रीज स्वस्त झाला असं एका दुकानात सांगितलं. तो एसी, मोठे टीव्ही, भांडी धुवायची मशीन ह्यांचा २८ वरनं १८ झाला. फ्रीज आणि वॉशिंग मशीन २०१८ पासूनच १८ टक्क्यात आहेत. आम्ही खडे बाजारातल्या ज्या दुकानात शेवटी घेतलं तिथल्या मालकांनी हे स्वतःहून सांगितलं, अर्धं कन्नडमध्ये अर्धं मराठीत, ऑफर आहे ती कंपनीची आहे, टॅक्सची नव्हे अक्का, म्हणून. त्या एका वाक्यानं ताईनं तिथंच घ्यायचं ठरवलं. वॉरंटीचं पण त्यांनीच फोड करून दिलं, मोठ्या अक्षरातली १० वर्षं ही कॉम्प्रेसरची किंवा मोटरची, पूर्ण वस्तूची एक किंवा दोन.

मशीन २८,५००, फ्रीज २६,२००. राहिले ५,३००, त्यात फ्रीजचा स्टॅबिलायझर, मशीनच्या नळाचं फिल्टर, आणि वायरिंगचं काम.

वायरिंगला मी जरा जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच पाहिजे. मशीनचा हीटर २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, त्याला साधा ६ अँपिअरचा सॉकेट देऊन चालत नाही, १६ चाच पाहिजे आणि वायर पण त्या जाडीची. मग अर्थिंग बरोबर आहे का बघायला वायरमननी फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून दाखवला. मिणमिणला, नुसती लाल तार दिसत होती. म्हणजे अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलेली, पण खाली जमिनीत खड्डा नीट झाला नव्हता, कुणीतरी नुसती सळई ठोकून वर माती लोटलेली. खड्डा परत काढला, कोळसा-मीठ घालून पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी बल्ब लख्ख पेटला. जुन्या घरी मावशी ओल्या हातानं मशीनला हात लावताना कायम पायात रबरी चप्पल घालायच्या, "जरा झिणझिणतंय" म्हणायच्या, आणि नऊ वर्षं कुणी ते मनावर घेतलं नाही. हे ऐकून मला खरंच घाम फुटला. ती जुनी मशीन परसात जोडताना तिथं पण अर्थिंग दिलं आणि मेन बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. (करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच) बसवली. बजेटच्या बाहेर गेलं, ते पैसे मी दिले, भावजींना अजून आवडलेलं नाही पण दिले.

वस्तू आल्या त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. टेम्पोवाल्या पोरांनी फ्रीज दारातनं आत घेताना आडवा केला, म्हणून तो उभा करून चार-पाच तास प्लगच लावला नाही, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसायला वेळ लागतो. आणि मशीनला मागं चार बोल्ट असतात, प्रवासात ड्रम हलू नये म्हणून, ते काढल्याशिवाय चालू केली तर मशीन घरभर नाचते आणि आतले स्प्रिंग जातात. शेजारचे काका उत्साहानं आलेले, चालू करून बघूया की म्हणत होते. ताईनं चक्क प्लग काढून कपाटात ठेवला, कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला तेव्हाच बाहेर काढला. त्यानं पाणी सोडायची नळी खाली फरशीवर न सोडता अडीच फुटावर बांधून घेतली, खाली सोडली तर पाणी आत थांबतच नाही, येईल तसं निघून जातं. चाकांचा प्लास्टिकचा स्टँड घ्या म्हणून दुकानात मागं लागले होते, तो घेतला नाही. फ्रंट लोड घट्ट फरशीवरच पाहिजे, मेस्त्रींनी आपल्या लेव्हलनं चारी पाय सारखे करून दिले.

आता चार महिने झाले. एक काम राहिलंय, मागं लगेच भाताची शेतं आहेत म्हणून उंदीर येतात, आणि मशीनच्या खालून वायरी कुरतडल्या तर ते वॉरंटीत धरत नाहीत. खाली लावायची जाळी आणून ठेवलीय, भावजींना रविवार मिळायचाय. फ्रीजचा भाजीचा ट्रे ताईला थोडा लहान पडतो, मेथीच्या चार पेंड्या मावत नाहीत, तीनच मावतात. मावशी रोज संध्याकाळी फ्रंट लोडसमोर स्टूल टाकून काचेतनं बघत बसतात. परवा मला म्हणाल्या, "पाणी थोडंच घेतंय रे, पण दिसतंय."

जूनमध्ये झड लागली की युनिफॉर्मच्या खिशांचं काय होतं ते बघायचंय. ताईनं पडवीतल्या दोरीचे हूक अजून काढलेले नाहीत.